जास्वंद आणि देवचाफा: फांदीपासून कुंडीपर्यंत

पावसाळ्याआधी ठाण्यात झाडांची छाटणी होते आणि सोसायटीच्या फाटकाशी फांद्यांचा ढीग पडतो. त्यातली देवचाफ्याची एखादी फांदी उचला, शेजारच्यांकडून जास्वंदीची मागून घ्या. जून-जुलैच्या दमट हवेत छाट कलमं, म्हणजे मुळं फुटण्यासाठी लावलेले फांदीचे तुकडे, लवकर मरगळत नाहीत. (सोनचाफ्याच्या नादी मात्र लागू नका. तो असा सहज जगत नाही, त्याचं कलम नर्सरीतूनच आणावं.)

जास्वंदीची फांदी पेन्सिलीएवढी जाड घ्या. कोवळा हिरवा शेंडा कुजतो, जुनं जाड लाकूड फार रेंगाळतं. पाच-सहा इंचांचा तुकडा पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली तिरका कापा, कारण मुळं बहुतेक पेराजवळूनच फुटतात. वरचा काप सरळ ठेवा, म्हणजे लावताना उलटसुलट होणार नाही. वरची दोन पानं अर्धी कातरून ठेवा, बाकीची आणि कळ्या काढून टाका. मग वेळ न घालवता लावा.

चाफ्याचं अगदी उलट. फूटभर फांदी कापली की पांढरा चीक गळतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते, तेव्हा हात लगेच धुवा. पानं काढून फांदी सावलीत कोरड्या जागी आठ-दहा दिवस नुसती ठेवा. कापलेलं टोक सुकून खरखरीत झालं पाहिजे. ओली लावली तर बुडापासून मऊ पडून सडते.

दोन्हींसाठी निम्मी जाडसर रेती आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरतं, चाफ्याला रेती थोडी जास्त. कुंडीला भोक हवंच. एकदा पाणी घालून ती सावलीत, पण उजेडात आणि थेट पावसापासून आत ठेवा. पुढचं पाणी बोटाला वरचा थर कोरडा लागल्यावरच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं नाही. फांदीत साठलेल्या अन्नावरही पानं येतात. माझ्या जास्वंदीला पंधरा दिवसांत पोपटी पानं आली, मी आनंदाने तिला मोठ्या कुंडीत हलवलं आणि आठवड्यात ती वाळली. उपटल्यावर पाहिलं, खाली एकही मूळ नव्हतं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासला भोकं पाडून त्यातच फांद्या लावते. मुळं बाहेरून दिसतात, उपटून बघावं लागत नाही. जास्वंदीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, चाफ्याला दोन महिनेही.

ग्लासच्या कडेने मुळं फिरलेली दिसली की संध्याकाळी कुंडी बदला. कुंडी सहा इंचांचीच घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते आणि इवली मुळं गुदमरतात. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. चाफ्याला यातही मूठ-दोन मूठ रेती घाला. मुळांभोवतीचा गोळा न फोडता ठेवा, माती हलकेच दाबा, पाणी द्या. आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन. पश्चिमेच्या गॅलरीत ऑक्टोबरचं ऊन नव्या रोपाला भाजून काढतं, तिथे महिनाभर तरी नेऊ नका. वेगळं खतही तोवर नको.

जास्वंदीच्या पानांखाली कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढा.