माजी सैनिकांनो, व्हीआरचा हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी

नोकरीत असताना मागे पडणाऱ्या जवानांना पळवणं हे माझं काम होतं. बीपीईटी म्हणजे फौजेतल्या शारीरिक चाचणीच्या पाच किलोमीटरला शिट्टी तोंडात धरून शेवटच्या माणसामागे धावायचं. आता साताऱ्याकडच्या आमच्या गावात व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर चढवला की चहूकडे खेळाचं जग दिसतं) व्यायाम करायला जे पेन्शनर येतात, त्यांना पळवावं लागत नाही, थांबवावं लागतं. वय साठ झालं तरी समोर स्कोअर दिसला की फौजीला हरायचं नसतं. खाली जे सांगतोय ते मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांना विचारा. फिट येत असतील, पेसमेकर असेल, बीपी ताब्यात नसेल, चक्कर येत असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर त्यांनी हो म्हणेपर्यंत हात लावू नका. इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी खेळू नये.

जागा निदान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी हवी. टीपॉय, सतरंजी, वायरी बाहेर. आणि वर बघा! आपल्याकडे पंखे खाली असतात आणि खेळातली तलवार उगारली की हात थेट पात्यात. पंखा बंद करा, नाहीतर पडवीत खेळा. हातात धरायच्या कंट्रोलरचा पट्टा मनगटात घातल्याशिवाय सुरुवात नाही. चष्मा असेल तर मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ हेडसेटच्या खोक्यात एक प्लास्टिकची चौकट येते, ती बसवा, म्हणजे काचेला काच घासत नाही. मागचा पट्टा डोक्याच्या उंचवट्याखाली घ्या. पाचशे ग्रॅमचं वजन पुढे लोंबलं तर संध्याकाळी मान धरते.

सुरुवात बीट सेबरने करा. गाण्याच्या तालावर येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे असतात. पण आधी 'मॉडिफायर्स'मध्ये जाऊन 'नो फेल' चालू करा, म्हणजे चुकलं तरी गाणं बंद पडत नाही. खेळात समोरून येणाऱ्या भिंतीही तिथूनच काढून टाका. त्या चुकवायला खाली बसावं लागतं, आणि डोंगरात पाठीवर ओझं घेऊन झिजलेल्या गुडघ्यांना ते झेपत नाही. कृत्रिम पाय असेल तर बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून बसून खेळा. एका हाताने खेळायचं असेल तर एका तलवारीची गाणीही आहेत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं. "उस्ताद, अजून एक गाणं," असं म्हणाला की हेडसेट काढून घ्यायचा.

टेबल टेनिसचा इलेव्हन नावाचा खेळ आमच्या लोकांना फार आवडतो. एक ध्यानात ठेवा, ते टेबल तिथे नसतं. दमला की माणूस सवयीने त्यावर हात टेकायला जातो आणि तोंडावर पडतो. बॉक्सिंगचा थ्रिल ऑफ द फाइट सगळ्यात शेवटी. त्याने तरण्या पोरांचाही घाम निघतो. ज्या खेळात तुम्ही उभे असता आणि समोरचं जग धावतं, ते टाळा. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो उभा आहे, आणि पोटात ढवळायला लागतं. मळमळ सुरू झाली की लगेच काढा, दात-ओठ खाऊन पुढे रेटू नका.

आता नाजूक भाग. डोळे झाकले की काही जणांना पाठीमागे कोण आहे ही धास्ती लागते. त्यांना पाठ भिंतीकडे करून उभं करा. हेडसेटच्या बाजूला दोनदा टिचकी मारली की बाहेरचं दिसतं, ते सेटिंगमध्ये चालू करून आधी शिकवा. खेळणाऱ्याला मागून हात लावायचा नाही, नाव घेऊन हाक मारायची. घरच्यांनाही हे सांगा. तोफखान्यातल्यांच्या कानात शिट्ट्या वाजत असतात, त्यांचा आवाज कमी ठेवा. ठोकळा कापला की कंट्रोलर थरथरतो, तेवढं त्यांना पुरतं. रात्री दचकून उठणाऱ्यांनी गोळीबाराचे खेळ घेऊ नयेत. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्किप रिझो यांनी युद्धाचे प्रसंग पुन्हा दाखवून उपचार करण्याची पद्धत विकसित केली, पण तिथे समोर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ बसलेला असतो. तो प्रयोग घरी नको.

नाडीचा हिशोब जुनाच: २२० वजा वय. साठीत १६० येतात, त्याच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८० ते ११२ मध्ये राहा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, मग या आकड्यांवर जाऊ नका. खेळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी मध्येच रेजिमेंटचा नंबर विचारतो. धाप लागून अर्ध्यावर थांबला तर खेळ बंद.

या खेळांत हात-खांदे भरपूर हलतात, पाय जवळपास नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही. म्हणून सकाळचं चालणं सोडू नका, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे दहा-दहा फेरे घाला.

अंगणात उन्हात हेडसेट नेऊ नका, ऊन भिंगातून आत गेलं की पडदा जळतो. भिंग कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने पुसा, स्पिरिट नको. चेहऱ्याच्या गादीला सिलिकॉनचं कव्हर घाला आणि प्रत्येक गड्यानंतर ते पुसा, एकाच हेडसेटमध्ये सगळ्या पलटणीचा घाम मुरतो.