बाळंतपणाची पिशवी भरताय ना, मग बाळाचं रोजचंपण मोजून ठेवा

टोपडी झाली, दुपटी झाली, डिंकाचे लाडूपण झाले, पण बाळ आजारी पडलं तर कळणार कसं याची तयारी आमच्याकडं कुणी केलीच नव्हती. बाराव्या दिवशी आमचं पिल्लू दूध प्यायला उठेना, अंघोळ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या झोपाळू हाय गं ते, आणि मला सांगताच येईना की रोजच्यापेक्षा किती कमी पितंय, रोजचं मी मोजलंच नव्हतं की. शेवटी चार दिवस ॲडमिट.

म्हणून बाळ ठणठणीत असतानाच मोजा. झोपेत झबलं वर करायचं, पोट किती वेळा वर येतंय ते घड्याळ लावून पूर्ण 1 मिनिट बघायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट नको, एवढुशा बाळाचा श्वास मधेच थबकतो आणि मग भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि 60 किंवा जास्त आले तर परत मोजा, परत तेवढेच आले किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच निघा. पहिल्या आठवड्यानंतर शू दिवसाला 6 वेळा तरी हवी, तीपण लिहा.

डिजिटल थर्मामीटर आत्ताच घ्या. काखेत 99.5 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप, 95.9 च्या खाली अंग गार, दोन्ही वाईटच, आणि तापाचं औषध घरच्या घरी द्यायचं नाही. कावीळ खिडकीपाशी बघायची, ट्यूबखाली सगळंच पिवळं दिसतंय. तळहात-तळपाय पिवळे, बेंबीभोवती लाली किंवा पू, हिरवी उलटी, झटका, हलवूनपण नीट जागं न होणं, यातलं काही दिसलं तर गुटी-मध देत सकाळची वाट बघू नका (मध तर वर्षाच्या आत नकोच).

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, त्यांच्यासमोर एकदा श्वास मोजून दाखवा, चुकत असेल तर सांगतील.

आणि पावसाळ्यात बाळंतपण असेल तर पंचगंगेचं पाणी चढल्यावर आपला कुठला रस्ता बंद पडतो आणि सीपीआरला (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) कुठनं जायचं ते आधीच ठरवा, 108 ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे. हे सगळं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा, मावशींना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.