भाव टिपायला निघण्यापूर्वीची तयारी

तालुक्याच्या गावाचा स्वतःचा ग्राहक किंमत निर्देशांक (घरखर्चाच्या वस्तूंचे भाव एकंदरीत किती बदलले ते सांगणारा आकडा) काढायचा, असं महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागात ठरलं की पहिल्या बैठकीत सगळे सूत्रांवर बोलत बसतात. सूत्रं पुस्तकात आहेत, ती नंतरही सापडतील. बाजारातला एक महिना हातचा गेला की त्या महिन्याचे भाव पुन्हा कुठूनही मिळत नाहीत. म्हणून ही यादी बाजारापासून सुरू होते.

वही, पेन, ओळखपत्र, विभागाचं पत्र हे सांगायला नको. वजनकाटा घ्या. हातात धरायचा साधा डिजिटल काटा चालेल, पण भाव टिपणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा हवा. गेल्या खेपेला आमच्याकडे वर्षभराचे भाव होते आणि वजनं नव्हती. पालेभाज्यांचे सगळे तक्ते बाद करावे लागले. आपल्या बाजारात मेथी, शेपू, कोथिंबीर जुडीने मिळते, मासळी वाट्याने, केळी डझनाने, नारळ नगाने. जुडी, वाटा आणि नग यांचं वजन कुणी ठरवून दिलेलं नाही. मेथीची जुडी गेल्या महिन्यात २० रुपयांना होती, या महिन्यातही २० लाच आहे, म्हणून तक्त्यात वाढ शून्य. पण समजा ती जुडी आधी ५०० ग्रॅम भरायची आणि आता ४०० भरते, तर किलोचा भाव ४० वरून ५० वर गेला, म्हणजे २५ टक्के वाढ. घरी भाजी निवडणाऱ्याला हे कळतं, तुमच्या तक्त्याला कळत नाही. एका विक्रेत्याकडच्या तीन जुड्या तोला आणि सरासरी लिहा. भाजी ओली असेल तर पाणी झटकून तोला. भावाच्या रकान्याला लागूनच वजनाचा रकाना आखा आणि तो रिकामा असलेला तक्ता परत घेऊच नका.

पाकिटांचंही तेच. पाच आणि दहा रुपयांची बिस्किटं, फरसाण, साबण, शाम्पूची पुडी यांची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते आणि आतला माल कमी होत जातो. दहा रुपयांचं पाकीट १०० ग्रॅमवरून ८५ वर आलं तर भाव साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढला. पुष्कळ पाकिटांवर आता ग्रॅममागची किंमतही छापलेली असते, ती उतरवून घ्या. निव्वळ वजन मात्र दर महिन्याला पाकीट हातात घेऊन वाचा. ‘मागच्या महिन्याप्रमाणे’ हे शब्द वजनाच्या रकान्यात दिसले तर त्या मुलाला किंवा मुलीला परत दुकानात पाठवा.

आता भारांक. कुटुंबाच्या खर्चात कुठल्या गोष्टीचा वाटा किती, हे खर्चाच्या पाहणीतून येतं. २०१२ हे आधार वर्ष, म्हणजे ज्याच्या भावांशी तुलना करायची ते वर्ष, असलेल्या राष्ट्रीय मालिकेत भारांक २०११-१२ च्या पाहणीतून घेतले होते. त्यात अन्न आणि पेयांचा भारांक ग्रामीण भागात ५४.१८ आणि शहरी भागात ३६.२९ होता. एवढा फरक असताना शहराचे भारांक उचलून खेड्याला लावणं चूक आहे. स्वतःची पाहणी झेपत नसेल तर २०२३-२४ च्या राष्ट्रीय कुटुंब खर्च पाहणीतले महाराष्ट्राचे आकडे घ्या, ग्रामीण आणि शहरी वेगळे ठेवा, आणि ते कुठून घेतले ते पहिल्या पानावर लिहा.

वस्तूचं वर्णन काटेकोर हवं. नुसतं ‘तांदूळ’ लिहून भागत नाही. कोलम की इंद्रायणी, सुटा की पिशवीतला, जुना की नवा, हे सगळं लिहायचं. वर्णन असं असावं की दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस गेला तरी त्याने त्याच पोत्याकडे बोट दाखवावं. आणि एकक: किलो, लिटर, नग. नग लिहिलात तर शेजारी वजन. पुन्हा तेच सांगतोय, कारण हेच सुटतं.

दुकानं ठरवा आणि बदलू नका. आठवडे बाजारात ठरलेल्या वेळीच जा. सकाळी अकराचा टोमॅटो आणि संध्याकाळी सातचा टोमॅटो यांचे भाव वेगळे असतात. गिऱ्हाईक प्रत्यक्षात देतं तो भाव लिहा, छापील किंमत नव्हे. भुसार दुकानदाराला आधी भेटून हेतू समजावून सांगा, गर्दीच्या वेळी जाऊ नका, जमलं तर काही विकत घ्या. त्याला विक्रीकराचा माणूस आल्यासारखं वाटलं तर तो वर्षभर तुम्हाला गोल आकडे सांगेल.

वस्तू मिळाली नाही तर मागचा भाव तसाच पुढे ओढू नका. हा मोह सगळ्यांना होतो. त्याने निर्देशांक काही महिने खोटा स्थिर राहतो आणि वस्तू परत आली की एकदम उडी घेतो. पावसाळ्यात हापूस नसतो, तेव्हा इतर फळांचे भाव जसे हलले तसा त्याचा भाव हलवा आणि तो आकडा अंदाजाचा आहे अशी खूण करा. एप्रिल आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे पुष्कळ बाजार बंद होते, तेव्हा सांख्यिकी मंत्रालयानेही पूर्ण निर्देशांक वेळेवर जाहीर केला नाही. गाळलेल्या जागा भरून काढलेले आकडे नंतर आले.

वस्तू कायमची बंद झाली, तर बदली वस्तू घेताना एका तरी महिन्यात दोन्हींचे भाव हवेत. म्हणून माल संपत आल्याचं दुकानदार म्हणाला की त्याच दिवशी दुसरीचा भाव घ्यायला सुरुवात करा. दोन्हींचे. वजनासकट.

रेशनचा प्रश्न सुरुवातीलाच सोडवा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. म्हणजे भाव शून्य. खालच्या पातळीवर, म्हणजे एकाच वस्तूचे निरनिराळ्या दुकानांतले भाव एकत्र करताना, भावांच्या गुणोत्तरांचा (आताचा भाव भागिले आधीचा भाव) भूमितीय मध्य काढतात, त्यात सगळी गुणोत्तरं एकमेकांशी गुणायची असतात. एक शून्य आला की गुणाकार शून्य. निर्देशांक कुटुंबाच्या पैशांच्या खर्चाचा आहे, तेव्हा फुकट मिळालेलं धान्य त्याच्या बाहेर ठेवा, त्याचा भारांक बाजारातल्या तृणधान्यांत वाटून द्या आणि हे का केलं ते लिहून ठेवा. तृणधान्यांच्या तक्त्यात महागाई उणे शंभर दिसल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

भूमितीय मध्यच का, हे विद्यार्थी विचारतील. एका दुकानात भाव २० वरून ४० झाला, दुसऱ्यात ४० वरून २०. गुणोत्तरं २ आणि ०.५. साधी सरासरी १.२५ येते, म्हणजे २५ टक्के महागाई, जी झालेलीच नाही. गुणाकाराचं वर्गमूळ १ येतं. ब्रिटनच्या जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकाने २०१३ मध्ये ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जा गमावला, तो मुख्यतः अशाच साध्या सरासरीपायी. वरच्या पातळीवर, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एकत्र करताना, आधार वर्षाचे भारांक लावून बेरीज करायची, ही लास्पेयरची पद्धत.

घरभाडं: तीच घरं, दर सहा महिन्यांनी. घरांचे सहा गट करून दर महिन्याला एक गट विचारा, २०१२ आधार वर्षाच्या राष्ट्रीय मालिकेतही असंच करायचे. डिपॉझिट आणि सोसायटीचा खर्च वेगळा लिहा. शाळेची फी वर्षातून एकदा, जूनमध्ये. वीजबिलाचा दर वीज नियामक आयोगाच्या आदेशातून घ्या, एखाद्याच्या बिलावरून नको.

तक्ते परत आले की त्याच संध्याकाळी तपासा. ज्या वस्तूचा भाव फार हलला ती पुन्हा विचारा, आणि जिचा भाव महिनोन्‌महिने अजिबात हलला नाही ती तर आधी विचारा, कारण बहुतेक वेळा तिथेच वजन बदललेलं असतं.

बाकी थोडक्यात. आधार वर्षात बाराही महिन्यांचे भाव हवेत, एका महिन्यावर आधार धरू नका. मधल्या पायऱ्यांवर आकडे पूर्णांकात आणू नका, शेवटी एक दशांश पुरे. जाहीर करण्याची तारीख आधी ठरवा. आकडा तात्पुरता असेल तर तसं लिहा. मूळ तक्ते फेकू नका, त्यांचे फोटो दोन ठिकाणी ठेवा. काट्याचे सेल बदला.