स्टिअरिंग जड नको, बोलकं हवं

गाडी घेतली त्याच आठवड्यात मी स्पोर्ट मोडचं बटण दाबलं, स्टिअरिंग जड झालं आणि वाटलं, हेच ते! महिनाभराने लक्षात आलं की हा जडपणा कुठेही बदलतच नाही. रस्ता कोरडा असो की ओला, पुढचे टायर घसरायला लागले तरी तेवढाच. हाताला वजन लागत होतं, पण खाली काय चाललंय ते कळत नव्हतं. मग दोन वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे होते. चुका भरपूर केल्या, त्यातली सगळ्यात महागडी म्हणजे क्रम चुकला. म्हणून इथे करायला हवा होता तो क्रम लिहिते.

आधी हाताला काय जाणवायला हवं ते. वळताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळवटतो आणि बाजूचा जोर त्या भागाच्या बरोबर मध्यावर न लागता थोडा मागे लागतो. त्यामुळे चाक स्वतःहून सरळ होऊ पाहतं. ही ओढ टाय रॉड (चाकाला ओढणारी दांडी), रॅक (त्या दांड्या डावीउजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी), कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा) असा प्रवास करत आपल्या हातात येते. पकड संपत आली की तो जोर मध्याकडे सरकतो, ओढ कमी होते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. तेही गाडीचं नाक बाहेर जायला लागण्याच्या जरा आधी. मला हवा होता तो हा हलकेपणा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे जोर लागला की पिळणारी सळई, असते. ती किती पिळली गेली हे सेन्सर मोजतो आणि त्यावरून कंट्रोलर मोटरची मदत ठरवतो. पण मोटर आणि तिच्या गिअरचं स्वतःचं घर्षण असतं, जडत्व असतं. टायरकडून येणारे बारीक निरोप तिथेच विरतात. पोर्शने २०११ मध्ये ९११च्या ९९१ पिढीला इलेक्ट्रिक स्टिअरिंग दिलं तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, ती याच कारणाने. मोटर तर आपण काढू शकत नाही. मग उरतं काय? टायरचा आवाज वाढवायचा आणि वाटेतला गोंगाट कमी करायचा.

सुरुवात हवेपासून. टायर थंड असताना मोजा, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याशी जुळवा. माझ्या गाडीत ४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त होती आणि मी मात्र बुश, म्हणजे सांध्यांतली रबरी अस्तरं, बदलायच्या गप्पा मारत होते. हवा जास्त असली की टायरचा टेकलेला भाग आखूड होतो आणि ती परत फिरण्याची ओढही कमी होते. नेमक्या आकड्यावर या, मग २-२ पीएसआयने वर जाऊन त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फरक बघा. आकड्याच्या खाली जाऊ नका.

मग चाकं. आधीच्या मालकाने २१५ मिलिमीटर रुंदीच्या जागी २४५चे टायर घातले होते, आणि चाकाच्या ४८ ऑफसेटच्या रिमऐवजी ३५च्या. ऑफसेट म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते; आकडा कमी, तेवढं चाक बाहेर. म्हणजे चाक ऑफसेटमुळेच १३ मिलिमीटर बाहेर आलेलं. दिसायला रुबाबदार, पण रस्त्यावरच्या प्रत्येक चरीत गाडी नाक खुपसायची आणि स्टिअरिंगला हिसके बसायचे. सुरुवातीला मी त्या हिसक्यांनाच 'फील' समजत होते! चाक बाहेर गेलं की ब्रेक, खड्डे, चरी सगळ्यांचा जोर जास्त लांबीने टाय रॉड ओढतो आणि त्या गलक्यात कामाचं काही ऐकू येत नाही. कंपनीच्या मापावर परत आले. एकट्या त्या बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा नंतरच्या कुठल्याही एका बदलाने नाही पडला.

आता घर्षण, आणि हे बहुतेक जण सोडून देतात. गाडीचं नाक जॅकने उचलून नीट स्टँडवर ठेवा, चाकं हवेत. इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग लॉक सोडवून, स्टिअरिंगची रिम (इथून पुढे रिम म्हणजे हीच) दोन बोटांनी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मोटरमुळे थोडा रबरी विरोध लागेल, तो सगळीकडे सारखा असला तर ठीक. माझं स्टिअरिंग एका फेरीत दोनदा अडकायचं. रिमवर कागदी टेपचा तुकडा लावला तेव्हा दिसलं : टेप घड्याळातल्या दहावर आली की एकदा, चारवर आली की पुन्हा. बरोबर अर्ध्या फेरीचं अंतर. एका गॅरेजने न उघडताच "मॅडम, मोटर गेली, अख्खा कॉलम बदला" असं सांगितलं होतं. पण अर्ध्या फेरीने येणारी अडखळ बहुतेक वेळा शाफ्टच्या (कॉलमला रॅकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे त्यातल्या वाकणाऱ्या सांध्याची असते. पायापाशी, फायरवॉलच्या (इंजिन आणि आतली बाजू यांच्यामधल्या पत्र्याच्या) पलीकडे तो जॉइंट होता. शाफ्ट सोडवून हातात घेतला तर एका बाजूला सहज वाकत होता, दुसऱ्या बाजूला गंजून घट्ट. शाफ्ट काढण्याआधी चाकं सरळ करून जोडावर रंगाची खूण करा आणि रिम बांधून ठेवा. कॉलम मोकळा फिरला तर एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते. शाफ्ट परत जोडल्यावर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरचं बेअरिंगही बघा : स्प्रिंगवर हात ठेवून कोणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा, स्प्रिंग टणकन उडी मारून फिरली तर बेअरिंग गेलं.

ढिलेपणासाठी दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग इंच-दोन इंच डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूने टॉर्च मारून रॅककडे बघायचं. गाडीखाली शिरायचं नाही. चाक वळण्याआधी रॅकची पूर्ण नळी सरकताना दिसली तर तिचे बुश बदला. इथे पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) घाला, आवाजात फारसा फरक पडत नाही. कंट्रोल आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला) मात्र मी हौसेने तेच घातलं आणि सहा महिन्यांत कुरकुरीला कंटाळून नवे रबर बुश घालून घेतले. रबर बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या उंचीवर बसलेली असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं.

एवढं झाल्यावरच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. मी हे सगळ्यात आधी केलं होतं, मग प्रत्येक बदलानंतर पुन्हा. कॅस्टर महत्त्वाचा, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो बाजूने पाहिल्यावर मागे किती कललेला आहे तो कोन : तो वाढला की स्टिअरिंगला मधोमध परतायची ओढ मिळते, आणि ही ओढ वेग व वळणाप्रमाणे बदलते, बटणातल्या जडपणासारखी सपाट नसते. सोय असेल तर अर्ध्या अंशाने वाढवून बघा. बऱ्याच स्ट्रटवाल्या गाड्यांत कॅस्टर जुळवायची सोयच नसते. तिथे ऑफसेट बुश (भोक मधोमध नसलेलं) किंवा वेगळं टॉप माउंट (स्ट्रटचं वरचं बैठक) लागतं. डावीउजवीकडचा फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पुढचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, शून्य ठेवा. थोडा बाहेर काढला तर गाडी वळणात पटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर चुळबुळ करते आणि टायरची आतली कड खाते. काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या, आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा. माझ्या बाबतीत ते एकदा राहिलं होतं, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल सरळ रस्त्यावर मध्येच ब्रेक लावत होतं.

उरलेलं थोडक्यात. जाडजूड रिमचं स्टिअरिंग विकत घेऊ नका, गादीत बोटं खुपसल्यासारखं वाटतं. मूळच्या रिमवर पातळ चामडं चढवून घेतलेलं बरं. मदत कमी करणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण ते वजन वाढवतं, आणि वजनाचं काय होतं ते वर आलंच आहे. फ्यूज काढून मोटर बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बंद मोटरही फिरवावीच लागते, शिवाय रॅकचा रेशो (रिम किती फिरवली की चाक किती वळतं ते प्रमाण) मदत गृहीत धरून ठरवलेला असतो, त्यामुळे ऐन वेळी जोरात वळवायची पाळी आली तर हात अपुरे पडतील. मदतच नसलेलं स्टिअरिंग कसं असतं ते बघायचं असेल तर लोटस एलिस चालवा, ती तशीच बनवलेली आहे.

आणि रिम सैल धरा. पावणेतीनच्या जागी हात, अंगठे हलके. मी हे शेवटी शिकले, तेही ओल्या गोल चक्करवर तिसऱ्या फेरीला. आधीच्या दोन फेऱ्यांत मुठी इतक्या आवळल्या होत्या की काहीच कळलं नाही. तिसऱ्या फेरीत बोटं सैल सोडली आणि रिम हलकी पडली, एखाद्या क्षणापुरती. मी पाय जरासा उचलला, वजन परत आलं.