उपाशी जीवाणूंवर डेझर्टेशन करणार असाल तर आधी काचेची भांडी बघा

या महिन्यात एमएस्सी मायक्रोला नव्यानं आलेल्या दोघी-तिघींनी विचारलं की ताई, श्वसनमार्गाच्या जीवाणूंवर डेझर्टेशनला काय घेता येईल, म्हणून माझं काय काय झालं ते सगळं इथंच लिहिते. माझा जीवाणू होता स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि प्रश्न एकच, लोह मिळेनासं झालं की तो काय करतो.

हा विषय सोलापूरकराला लवकर कळतो बघा. उजनी धरण भरलेलं असतं तरी आपल्या नळाला चार-पाच दिवस पाणी येत नाही. शरीरात लोहाचं तसंच आहे, लोह भरपूर आहे पण ते हिमोग्लोबिनमध्ये, रक्तातल्या ट्रान्सफेरिनमध्ये आणि श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात असलेल्या लॅक्टोफेरिनमध्ये घट्ट धरून ठेवलेलं, जंतूच्या वाट्याला मोकळं जवळजवळ काहीच नाही. मग हा गडी पायोव्हर्डिन नावाचा हिरवट पिवळा रेणू बाहेर सोडतो, तो रेणू लोह पकडतो आणि जीवाणू त्याला लोहासकट परत आत ओढून घेतो. असल्या रेणूंना सिडेरोफोर म्हणतात, हा शब्द आजच पाठ करा, व्हायव्हात येतोच.

आता माझी फजिती. दोन महिने मी सक्सिनेटचं मिनिमल मिडियम (जीवाणूला जगायला लागेल तेवढंच अन्न असलेलं द्रावण) बनवत होते, त्यात लोह मुद्दाम घालायचं नाही, म्हणजे जीवाणू उपाशी आणि हिरवा रंग आलाच पाहिजे. येईचना. वाढ मस्त, रंग नाही. मला वाटलं कल्चरच (वाढवलेला जीवाणूच) बिघडलं, पुन्हा स्ट्रीक केलं, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून नव्यानं वाढवलं, गाईड मॅडमना तोंड दाखवायला नको वाटायचं. एके संध्याकाळी लॅबमधले मामा भांडी पालथी घालत होते, त्यांनी एक फ्लास्क उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ताई, नळाला पाणी नाही म्हणून बोअरच्या पाण्यानं धुतोय की आपण, ही बघा कड." बुडाशी तांबूस रेघ होती, नखानं खरवडली तरी निघेना. माझ्या जीवाणूला मीच रोज लोह खाऊ घालत होते!

मग सगळी भांडी ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवली (हे फ्यूम हूडमध्येच, ग्लोव्हज घालून, घाई नाही), डीआयोनाइज्ड पाण्यानं पाच-सहा वेळा विसळली, वजन करायला स्टीलचा स्पॅच्युला बंद, प्लास्टिकचा घेतला. आणि कल्चर टाकायच्या आधी पेशी दोनदा सलाइननं धुवा, नाहीतर आधी ज्यात वाढवलं त्या न्यूट्रियंट ब्रॉथमधलं अन्न सोबत येतं. यावेळी दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूब हिरवट, ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही लॅम्पखाली धरली तर अशी चमकली की मी मामांनाच आधी हाक मारली. शेजारच्या ट्यूबमध्ये १०० मायक्रोमोलर फेरिक क्लोराईड घातलं होतं, ती साधीच राहिली. हा कंट्रोल ठेवल्याशिवाय कोणी तुमचं ऐकणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. उपाशी जीवाणू वाढ आवरती घेतो, आत पीपीजीपीपी नावाचा इशारा तयार होतो, त्याला स्ट्रिंजंट रिस्पॉन्स म्हणतात. बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या पेशीलाच नीट मारतात, म्हणून असा दबून बसलेला जंतू वाचतो. पण नुसती मंद वाढ हेच कारण नाही, २०११ साली सायन्समध्ये आलेल्या कामात स्यूडोमोनासमधून हा रिस्पॉन्सच काढून टाकला तर उपाशी असूनही तो औषधाला कितीतरी जास्त बळी पडला. असं दबून वाचण्याला टॉलरन्स म्हणायचं, रेझिस्टन्स नाही (त्यात जंतू औषध असतानाही वाढत राहतो), दोन्हींत गल्लत केली की मार्क गेलेच. आणि आपण एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) काढतो ती मुलर हिंटन या पौष्टिक मिडियमच्या भरल्या ताटावर, फुफ्फुसातल्या चिकट स्रावात अडकलेला जंतू तसा जेवत नसतो, रिपोर्ट वाचताना हे डोक्यात ठेवा. याच भुकेचा उलटा उपयोगही झालाय, सेफिडेरोकॉल हे औषध सिडेरोफोरसारखा तुकडा लावून लोहाच्या वाटेनं आत शिरतं, अमेरिकेत २०१९ ला मंजुरी मिळाली.

स्यूडोमोनास नको असेल तर हिमोफिलस इन्फ्लुएन्झी घ्या, त्याला हेमिन आणि एनएडी हे दोन पदार्थ बाहेरून लागतात, ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या प्लेटवर) स्टॅफ म्हणजे स्टॅफिलोकोकस जीवाणूच्या रेषेलगतच त्याच्या बारीक कॉलन्या येतात, बघायला फार छान दिसतं. पण जपायला अवघड, सबकल्चर (वेळोवेळी ताज्या मिडियमवर हलवणं) चुकलं की गेला.

पेशंटचे आयसोलेट (त्यांच्या नमुन्यातून वेगळे काढलेले जीवाणू) पाहिजे असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, माझ्या मैत्रिणीचं परवानगीच्या वाट बघण्यातच सेमिस्टर गेलं. आणि प्रोटोकॉलमधलं रूम टेंपरेचर म्हणजे एप्रिलमधलं सोलापूर नव्हे, दुपारी बेंचवर ठेवलेल्या ट्यूबा इनक्युबेटरसारख्याच वाढतात, तेव्हा रीडिंग सकाळी आठच्या आत घ्या.