मामांच्या फोटोतल्या इंजिनांचं साल कसं काढावं

आमचे मामा मिरजेचे. मुंबईला जाताना इंजिनांचे फोटो काढायचे. मागे ना तारीख, ना गाव. सांगलीला मी ते लावायला घेतले, त्यातले सगळ्यात मोलाचे फोटो डब्ल्यूसीएएम-३ चे. एसी आणि डीसी दोन्ही विजांवर चालणारं हे इंजिन. त्यांचं साल असं काढा.

आधी नंबर बघा. पाच आकडी, २१ ने सुरू होणारा, शेड, म्हणजे देखभालीचं ठिकाण, कल्याण. भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीची ही इंजिनं १९९७ पासूनची, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही.

मग टपाकडे या, भिंग घेऊनच. पॅन्टोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे टपावरचे सांगाडे, दोन असतात, एक डीसीचा, एक एसीचा. मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी होती, इगतपुरीच्या पुढे २५,००० व्होल्ट एसी. तेवढीच ताकद १५०० व्होल्टवर ओढायची तर करंट जवळपास सतरापट लागतो, म्हणून डीसीची तार जाड. तार धरून ठेवणारे, वीज अडवणारे इन्सुलेटर मात्र एसीचे लांब. पण नुसत्या इन्सुलेटरवर विसंबू नका. डीसीची एसी करताना लांब इन्सुलेटर आधी बसवले, वीज नंतर बदलली. कुठला पॅन्टो वर आहे, तेच खरं. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा शेवटचा डीसी तुकडा जून २०१५ मध्ये गेला. तिथे डीसीचा पॅन्टो वर असेल तर फोटो त्याआधीचाच.

गाव ओळखताना आपल्या भागाचा फार उपयोग होतो. कोयना एक्स्प्रेस पुण्यापर्यंत विजेवर यायची, तिथे इंजिन बदलून डिझेल लागायचं. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेच तेव्हा वर तार नव्हती. त्यामुळे त्या काळच्या फोटोवर कुणी 'सांगली' लिहिलं असेल आणि पुढे डब्ल्यूसीएएम-३ वर पॅन्टो उचललेला असेल, तर ते नाव बेधडक खोडा. फलाट बहुधा पुण्याचा निघतो. मामांच्या कितीतरी फोटोंचा गुंता मला इथेच सुटला. इंजिन गाडीच्या मागे लागलेलं आणि आजूबाजूला डोंगर असतील, तर कर्जत ते लोणावळा घाटातला बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारं जादा इंजिन, असण्याची शक्यता धरा.

एकच साल ठोकून देऊ नका. मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे, कडेला लिहा: '१९९७ ते जून २०१५, डीसी पॅन्टो वर, पुणे?' प्रश्नचिन्ह ठेवाच. पुढे दुसरा फोटो सापडला की खोडता येतं. शाईचं पेन मात्र लांब ठेवा, ती पुढच्या बाजूला उमटते.