फँटसी गेममधलं कॅरेक्टर बनवताना क्लास शेवटी, आधी समाजातली जागा ठरवा

टेबलाभोवती बसून, डाइस टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेमचं नवीन कॅम्पेन (बरेच सेशन चालणारी एक सलग गोष्ट) सुरू होणार म्हटलं की ग्रुपवर पहिला मेसेज काय येतो, तर "कोण काय घेतंय? मी विझार्ड, हीलर कोणीतरी घ्या रे." मग कॅरेक्टर शीट भरतात, स्टॅट्स (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) रोल होतात, तलवारी निवडून होतात आणि सगळ्यात शेवटी अर्धा तास उरला की बॅकस्टोरी, ती पण बहुतेक वेळा आईबाप मेले, गाव जळालं, आता बदला. मग तिसऱ्या सेशनला तोच माणूस म्हणतो की माझ्या कॅरेक्टरला फाइट सोडून करायला काहीच नाही. नसणारच ना, कारण तुम्ही फाइटमधलं काम ठरवलं, माणूस ठरवलाच नाही.

यात खेळणाऱ्याचा दोष कमी आणि इतिहासाचा जास्त. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा त्यात तीनच क्लास होते, लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र वापरणारा पुजारी), चोर आला १९७५ च्या पुरवणीत. हा गेम निघाला मिनिएचर घेऊन खेळायच्या युद्धाच्या खेळांतून, त्यामुळे क्लास म्हणजे लढाईत तू काय करणार याचं उत्तर. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर ते उघडच सांगून टाकलं, डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर असे चार रोल. फाइटसाठी मस्त सोय आहे, माझी तक्रार नाही. पण तुम्ही गावात शिरलात तर तिथला लोहार तुम्हाला "या स्ट्रायकर" म्हणणार नाहीये. तो तुमचे बूट बघेल, भाषा ऐकेल आणि ठरवेल की याला उधार द्यायचं की नाही.

म्हणून मी टेबलवर नवीन लोकांना उलट क्रमाने बसवते. आधी सोशल रोल, मग आर्किटाइप, मग क्लास.

सोशल रोल म्हणजे नुसता धंदा नाही, तर लोक तुमच्याशी कसे वागतात आणि तुमच्याकडून काय अपेक्षा ठेवतात ते. शीटच्या मागच्या बाजूला चार गोष्टी लिहायच्या, एकेक ओळ पुरे. तुमचं पोट कशावर भरतं आणि पैसे कोण देतं. तुम्ही कोणासमोर मान खाली घालता. तुमच्यासमोर कोण घालतं (कोणीच नाही हे पण चालतं, उलट भारी उत्तर आहे). आणि कुठल्या दारातून तुम्हाला न विचारता आत सोडतात, कुठल्या दारातून हाकलतात. ही शेवटची गोष्ट डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) सोन्यासारखी असते कारण त्यातून सरळ सीन निघतात.

याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे १९८६ चा वॉरहॅमर फँटसी रोलप्ले. तिथे क्लासऐवजी करिअर असतं आणि ते डाइस टाकून येतं, म्हणजे तुम्ही हिरो व्हायला बसता आणि हातात येतो उंदीर पकडणारा, सामानात एक छोटं पण चावरं कुत्रं. लोक हसतात, पण त्या माणसाला शहराखालची गटारं माहिती असतात, कुठल्या हवेलीचं तळघर कुठे उघडतं ते माहिती असतं, आणि त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. एवढ्या भांडवलावर अख्खं कॅम्पेन निघतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पण बॅकग्राउंड (कॅरेक्टर आधी काय करायचं ते) होते, मूळ पुस्तकात तेरा, आणि त्यातल्या बहुतेकांना एक सामाजिक फायदा मिळायचा. फोक हीरोला साधी माणसं आसरा देणार, अॅकोलाइटला (देवळात सेवा केलेल्याला) देवळात जागा मिळणार, नोबलला बड्या लोकांत सहज प्रवेश. २०२४ च्या नव्या पुस्तकात ते फायदे काढले आणि त्याजागी फीट (एखादी खास क्षमता) आणि स्टॅट वाढ दिली. बॅलन्स सुधारला असेल, मला नाही पटलेलं, कारण कागदावर "समाज तुला ओळखतो" असं सांगणारी एकमेव ओळ होती ती. तुम्ही नवीन आवृत्ती खेळत असाल तरी डीएमशी बोलून ती ओळ परत घ्या, गेम काही तुटत नाही.

आता आर्किटाइप. लोक इथे यादी घेऊन बसतात, गुरू, बंडखोर, ठग, रखवालदार, हद्दपार वारस, पश्चात्ताप झालेला खुनी वगैरे, आणि एक उचलतात. उचला, पण एक लक्षात ठेवा की आर्किटाइप म्हणजे पोशाख नाही. फाटका झगा आणि लांब दाढी लावली की गुरू होत नाही. गळ्याशी आल्यावर तुमचं कॅरेक्टर पुन्हा पुन्हा कुठला निर्णय घेतं, तो आर्किटाइप. रखवालदार स्वतः मागे थांबतो, ठग खोटं बोलून वेळ मारून नेतो, बंडखोर नियम मोडतो, मग तो नियम त्याच्याच फायद्याचा असला तरी. एक वाक्य लिहा, "अडचणीत आल्यावर हा आधी ___ करतो." बस.

खरी मजा आहे रोल आणि आर्किटाइप एकमेकांना घासले पाहिजेत यात. सैनिक आणि रखवालदार ही जोडी चुकीची नाही पण सपाट आहे, दोन्ही एकाच दिशेला ओढतात. सैनिक आणि ठग घ्या, आता हा रांगेत उभा राहतो पण हजेरीपट खोटा लिहितो. पुजारी आणि बंडखोर, तो रोज पूजा करतो पण देवळाच्या खजिन्याची चावी कोणाला देऊन बसलाय हे विचारू नका.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवते म्हणजे कळेल. तारवी नावाची बाई, नदीवरच्या पुलाच्या नाक्यावर जकातीची कारकून. पगार शहराच्या कौन्सिलकडून, मान खाली घालते नाका चालवणाऱ्या मुकादमासमोर, तिच्यासमोर गाडीवाले घालतात आणि पाठ फिरली की शिव्या देतात. व्यापाऱ्यांच्या गोदामात तिला कोणी अडवत नाही, त्यांच्या लग्नाला मात्र कोणी बोलवत नाही. आर्किटाइप ठग. म्हणजे अडचणीत आल्यावर ती आधी एखादा नियम शोधून काढते, नसेल तर जागेवर बनवते, आणि इतक्या कंटाळलेल्या आवाजात सांगते की समोरच्याला खरा वाटतो. आता क्लास, रोग (Rogue, म्हणजे चोर-लबाडांचा क्लास) घेतला असता तर सगळ्यांना पटलं असतं, पण मी विझार्ड देईन, कारण तिला दोन-तीन लिप्या वाचता येतात आणि जप्त मालात एकदा जादूची पोथी आली होती जी मुकादमापर्यंत पोचलीच नाही. तिचं स्पेलबुक म्हणजे जुनं जकातीचं रजिस्टर, डावीकडे पोती आणि पिंपांचे आकडे, उजवीकडच्या कोऱ्या पानांवर मंत्र. दोष एकच, बंद पेटी दिसली की तिला उघडून बघितल्याशिवाय झोप लागत नाही. डंजनमध्ये बंद पेट्या किती असतात ते तुम्हाला माहितीये.

कॅरेक्टर तयार झालं की त्याला शहराच्या वेशीवर उभं करून बघा. फाइट नाही, डाइस नाही, फक्त एक कंटाळलेला शिपाई आणि चार जणांची पार्टी. सरदाराच्या मुलाला तो म्हणतो, "या सरकार, घोडा इकडे बांधा." पुजाऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "महाराज, आईला ताप आहे चार दिवस, जरा बघाल का?" भटक्या पोराची कॉलर धरतो, "तू कुठं रे? खिसे दाखव." आणि तारवीकडे बघून, "बाई, तुम्ही नाक्यावरच्या दिसताय, मग तुम्हाला काय सांगायचं, शिक्का काढा." चौघं एकाच दारातून आत गेले पण चार वेगळे सीन झाले, पुजाऱ्यावर एक काम येऊन पडलं, पोराच्या मनात राग बसला आणि शिपायाला तारवीचा चेहरा लक्षात राहिला. तुमच्या कॅरेक्टरला शिपाई काय म्हणेल हे सुचत नसेल तर रोल अजून कच्चा आहे, परत त्या चार ओळींवर जा.

डीएम लोकांसाठी एवढंच की हे एकट्या प्लेअरचं काम नाही. जगाने ओळख दिली नाही तर रोल कागदावर मरतो. प्रत्येक मोठ्या गावासाठी ठरवून ठेवा की कर कोण घेतं, न्याय कोण करतं आणि मेलेल्यांचं कोण बघतं, बाकी राजघराण्याची वंशावळ कोणी विचारत नाही हो. आणि अख्खी जमात म्हणजे एक स्वभाव असं करू नका, ऑर्क म्हटला की रागीट, एल्फ म्हटला की शिष्ट. ऑर्कांमध्ये पण कोणीतरी सुईण असेल, कोणी सावकार असेल.

पार्टी जुळवताना माझं मत जरा वेगळं आहे. दोन फायटर असले तरी चालतात, एक जमीनदाराचा पोरगा आणि एक भाडोत्री शिपाई असेल तर उलट मजा येते. पण एकच आर्किटाइप दोनदा नको, विशेषतः तो एकटा, अबोल, कोपऱ्यात बसणारा. दोन एकटे एका टेबलवर बसले की कोणीच बोलत नाही आणि डीएम घामाघूम होतो. "निवडलेला एक" पण सांभाळून, भविष्यवाणी एकावर असेल तर बाकी तिघं त्याचे हमाल होतात, त्यापेक्षा भविष्यवाणी इतकी धूसर ठेवा की चौघांनाही ती आपली वाटेल. आर्स मॅजिका (१९८७) मध्ये याच्यावर छान तोडगा आहे, तिथे जादूगार ताकदवान आणि बाकीचे साधे हे मान्यच केलंय, म्हणून सगळे आळीपाळीने जादूगार, सोबती आणि नोकरमाणसं खेळतात.

आर्किटाइप आकड्यात हवा असेल तर पेंड्रॅगनकडे बघा, १९८५ चा गेम, त्यात नाइटच्या स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत, दयाळू-क्रूर, शूर-भित्रा अशा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एक वाढलं की दुसरं कमी होतं, आणि मोक्याच्या वेळी स्वभावावरच डाइस पडतो. सगळी सिस्टिम नको, तुमच्या शीटवर अशा दोनच जोड्या लिहा आणि सेशन संपलं की कॅरेक्टर जसं वागलं तसा एखादा आकडा सरकवा.

रोल बदलू पण द्या. जुन्या नियमांत फायटर नवव्या लेव्हलला लॉर्ड व्हायचा, किल्ला बांधून कर गोळा करू शकायचा, म्हणजे कालपर्यंत जो जकात चुकवत होता तोच आता जकात लावणार. राजाने बक्षीस म्हणून सोन्याऐवजी एक गाव दिलं तर बघा काय होतं, पुढच्या सेशनला दोन शेतकरी बांधाचं भांडण घेऊन दारात उभे, आणि पार्टीतल्या ठगाला न्याय करायचाय.